डाव्या बोल्टची ऑर्डर

हृषिकेशच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. मधोमध टेबलटेनिसचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर शैलेंद्र आणि शैलेंद्रसमोर 'बिल्ड प्लॅन, व्हर्जन चौदा'. पहिलं व्हर्जन निघालं ते फेब्रुवारीत. तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात पत्र्याखाली उकाड्याने बसवत नव्हतं. आता मे संपत आला होता, हृषिकेशची बायको विनीता मघाशीच हीटर लावून गेली होती, आणि अजून कुणी एक स्क्रूसुद्धा विकत घेतला नव्हता.

करुणा कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत बसून हे पाहत होती. ती इथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर. माणसाच्या आत काय आहे ते बघण्याचा तिला पगार मिळायचा, आणि रविवारीही ती सवय सुटायची नाही. आत्ता तिच्या मोजणीत तीन पुरुष, चार मतं, लॅपटॉपवर अकरा टॅब आणि निर्णय शून्य.

विषय होता रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे रायफलीचा कणा. पुढून त्यात बॅरल बसतं, मागून बोल्ट सरकतो, खालून दस्ता त्याला धरून राहतो. दस्ता बदला, बॅरल बदला, रायफल तीच राहते. रिसीव्हर बदलला की ती दुसरी रायफल. ॲडलेडजवळ वर्कशॉप असलेल्या दोघा भावांनी पॉइंट टू-टूच्या टार्गेट रायफलीसाठी एक नवा रिसीव्हर काढला होता. नाव करावॉंग. इथला तो काळा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी असतो ना, त्याच्यावरून. त्याची खासियत अशी की त्याचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं. बोल्ट उजवा हवा तर उजवा, डावा हवा तर डावा. पहिली खेप फक्त साठ नगांची, ऑर्डर तीस जूनपर्यंत. डावे बोल्ट तर जितक्या ऑर्डरी तितकेच कापणार. पुढची खेप कधी, हे भावांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून हे तिघं मनातले मांडे भाजत होते.

शैलेंद्र पेरणीयंत्रं डिझाइन करायचा. त्याच्या रायफलीचं वजन चार हजार आठशे ग्रॅम ठरलेलं होतं, आणि त्यात रंगाचे एकवीस ग्रॅम धरलेले होते. वरुण युनिव्हर्सिटीत मातीचा शास्त्रज्ञ. त्याने दस्त्याचं लाकूड, पट्ट्याचा रंग आणि पेटीच्या आतल्या फोमचा रंग नक्की केला होता. बॅरल कुठलं, हे अजून ठरायचं होतं. राहिला हृषिकेश. त्याला रायफलीपेक्षा ऑर्डर प्रिय. ब्रिस्बेनहून येणाऱ्या आंब्याच्या पेट्या, दिवाळीचा फराळ, पाच घरांची सोलर पॅनेलं, अगदी उकडीच्या मोदकांचे साचेसुद्धा टूवूंबातल्या मराठी घरांत गेली सहा वर्षं त्याच्याच यादीतून यायचे. एक वस्तू एकट्याने विकत घेणं हा त्याच्या मते गुन्हा होता.

"ताई, तुझा कलर?" वरुणने विचारलं.

"बोल्ट डावा."

"तो स्पेक झाला. कलर सांग."

"डावा."

"ताईचं बरं आहे," शैलेंद्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "माझ्या शीटमध्ये तुझ्या नावापुढे चौतीस रकाने आहेत करुणा, आणि भरलाय एकच."

"तुझे चौतीसच्या चौतीस भरलेत. मारल्यास का त्यातून गोळ्या?"

हृषिकेश हसला, वरुण हसला, आणि शैलेंद्रने चौतिसावा रकाना पुन्हा तपासला.

करुणाचं थट्टेवर नेणं खरं होतं, आणि नव्हतंही. या चौघांत नेम म्हणावा असा नेम तिचाच होता. खडकीच्या शाळेत एनसीसीत असताना तिच्या हातात पहिल्यांदा रायफल आली, आणि सुभेदारांनी तिचा कागद खाली आणून दोनदा मोजला होता. इथल्या नेमबाजीच्या क्लबात सात वर्षं ती शंभरात सत्त्याण्णवच्या खाली क्वचितच उतरली. मग मागच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी रिपोर्ट वाचताना तिला ओळीच्या मधली अक्षरं दिसेनात. उजव्या डोळ्यामागची एक शीर तुंबली होती. इंजेक्शनं झाली, कडेचं दिसायला लागलं, मधलं धुकं मात्र तिथेच राहिलं. डावा डोळा अगदी स्वच्छ. म्हणजे आता नेम धरायचा तर डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावरून; आणि तिच्या जुन्या रायफलीचा बोल्ट उजवीकडे. प्रत्येक गोळीला तिरकं होऊन पलीकडे हात टाकायचा, म्हणजे दर वेळी अख्खी बैठक मोडायची आणि पुन्हा बांधायची. तीन वेळा तिने तसं करून पाहिलं आणि रायफल कपाटात ठेवली.

तिच्या लायसन्सची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. केतनला, म्हणजे नवऱ्याला, तिने सांगून टाकलं होतं: या खेपेत डावा बोल्ट मिळाला तर ठीक, नाहीतर लायसन्स परत करायचं, जुनी रायफल विकायची आणि शनिवारी मोकळं व्हायचं. केतन म्हणाला होता, "मोकळी होऊन करणार काय? मला सुधारणार?"

क्लबात मात्र तिने कुणालाच डोळ्याचं सांगितलं नव्हतं. "खांदा दुखतो" एवढंच. कारण तिला तो आवाज माहीत होता, वाईट रिपोर्ट आलेल्या माणसाशी बोलताना आपोआप मऊ होणारा. दिवसातून आठ-दहा वेळा ती स्वतःच तो काढायची. तो आपल्यासाठी कुणी काढलेला तिला ऐकायचा नव्हता. म्हणून चौदा महिने ती दर शनिवारी क्लबात जाऊन इतरांचे गुण फळ्यावर लिहायची आणि घरी यायची.

"चला, नावं द्या," हृषिकेशने टाळी वाजवली. "एकच ऑर्डर टाकतो. चार एकदम घेतले तर दहा टक्के सोडतील."

"आंब्यांसारखं?" चहा घेऊन आलेल्या विनीताने दारातूनच विचारलं.

"तस्संच. माल माझ्या नावावर येणार, मग ज्याची त्याने पेटी उचलायची."

"आणि तू नासकी कुणाला देणार, ते आधी सांग," विनीता म्हणाली. "मागच्या वेळी करुणाताईंच्या पेटीत चार निघाले होते."

करुणा कामावर एक्स-रे काढण्याआधी प्रत्येक माणसाला त्याचं नाव विचारते, जन्मतारीख विचारते आणि बाजू विचारते: डावी की उजवी? मग शिशाचा 'एल' किंवा 'आर' स्वतःच्या हाताने ठेवते. इतक्या वर्षांत तिची बाजू एकदाही चुकली नाही. आणि इथे, जन्मात एकदा तिची स्वतःची बाजू ठरत असताना, तिने हृषिकेशला नुसतं "माझं पण टाक" म्हटलं. यात आळस नव्हता. हृषिकेशच्या यादीतून मागवलं की दुकानात जाऊन उभं राहावं लागत नाही, आणि डावा कशाला हे कुणी विचारत नाही.

तेरा दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला: 'स्मॉल इश्यू. आज अर्व्हो सगळे या.' अर्व्हो म्हणजे इथली दुपार. हृषिकेशचा स्मॉल इश्यू म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या स्मॉल इश्यूत फराळाचे सत्तर डबे चुकून डार्विनला गेले होते.

गराजमध्ये आज लॅपटॉप बंद होता. तेवढ्यावरूनच करुणाला प्रकरण कळलं.

"लॉरेनचा फोन आला होता," हृषिकेश म्हणाला. लॉरेन म्हणजे क्लबची सेक्रेटरी. घरामागच्या शेडमध्ये तिचंच बंदुकांचं दुकान आणि दुरुस्तीचं वर्कशॉप. करावॉंगची इथली ऑर्डर तिच्यामार्फत जायची. "तिने ऑर्डर पुढे पाठवलीच नाही. दहा दिवस आजारी होती, आज मेल उघडली."

"म्हणाली काय?" वरुण.

हृषिकेशने मान खाली घातली. "म्हणाली, हृषी, तू चार रायफली स्वतःच्या नावावर मागवून मित्रांत वाटणार आहेस, असं तू मला लेखी कळवलंयस. मी हे वाचलं नाही असं धरते. परत पाठवू नकोस."

नुसता रिसीव्हर असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती अख्खी बंदूक, आणि ज्याची बंदूक त्याचंच परमिट, हे या चौघांना ठाऊक नव्हतं असं नाही. लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न चौघांनाही आला होता आणि चौघांनीही बरोबर सोडवला होता. पण यादी हृषिकेशची म्हटल्यावर कायदा कुणाच्या डोक्यातच आला नाही. पेटी कुणाच्या नावावर, हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला होता?

"मी पण नाही विचारलं," शैलेंद्र हळूच म्हणाला. "चौतीस रकाने केले. त्यात परमिटचा नाही."

"आता?" करुणाने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

"ज्याने त्याने वेगळा अर्ज करायचा. प्रत्येकाला क्लबचं पत्र लागेल, आधीची रायफल असताना ही कशाला त्याचं कारण लिहून. आपल्याकडे आधीच रायफली आहेत, म्हणजे परमिट लवकर येतं. पण लवकर म्हणजे पोलिसांचं लवकर." हृषिकेशने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "सत्तावीस दिवस आहेत, ताई. मी लॉरेनला सांगितलंय, माझं पत्र सगळ्यात शेवटी लिही. आधी तुझं. पण ती म्हणाली, ज्याला पत्र हवंय त्याने येऊन भेटायचं. ग्रुपने नाही."

करुणाला त्याच्यावर रागवायचं होतं. तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, आणि निम्मी चूक आपल्याच नावावर निघाली. मग रागवायला फारसं उरलं नाही.

"विनीताला चहा टाकायला सांग," ती म्हणाली. "आणि तोंड नीट कर. मयताला आल्यासारखा बसू नकोस."

शनिवारी सकाळी डोंगराच्या कडेवरून धुकं वर चढत होतं. पन्नास मीटरवरचे कागद दिसत नव्हते, त्यामुळे गोळीबार सुरू झाला नव्हता आणि लोक शेडखाली कॉफीचे कप धरून हवामानावर बोलत होते. लॉरेन तिच्या नेहमीच्या टेबलाशी बसून वही भरत होती. वय एकाहत्तर, गुडघे दोन्ही खराब, चष्मा दोरीला. ती मान वर न करता म्हणाली, "खांदा कसाय?"

"खांदा कधीच दुखला नाही," करुणा म्हणाली.

"माहितीय. पाण्याचे दोन कॅन दोन हातांत घेऊन चढतेस तू. मला वाटलं नवऱ्याने बंद केलं."

"केतनने? तो दर आठवड्याला विचारतो, परत कधी चालू करतेस."

"मग?"

करुणाने सांगितलं. तीन वाक्यांत, कामावर रिपोर्ट सांगतात तसं: उजवा डोळा, अमुक महिना, मधलं दिसत नाही. सांगून ती तो मऊ आवाज येण्याची वाट बघत उभी राहिली.

लॉरेनचा आवाज पॉलिश पेपरसारखाच राहिला. "डावा?"

"स्वच्छ."

"डॉक्टरचा कागद?"

करुणाने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. लॉरेनने चष्मा चढवून तो सगळा वाचला, तारखेसकट.

"मग चौदा महिने माझा फळा कशाला पुसत बसलीस?"

करुणाने कागदाची घडी केली.

"पत्र मी देते," लॉरेन म्हणाली. "पण पत्रात मी पाहिलेलंच लिहिते. ही बाई डावीकडून मारते असं लिहायचं, तर ती मारताना मला दिसली पाहिजे. धुकं उठू दे."

"क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या आहेत."

"मला मोजता येतात," लॉरेन म्हणाली.

नऊ वाजता धुकं उठलं. लॉरेनने क्लबची एक रायफल घेतली, सगळ्यात टोकाच्या जागेवर चटई टाकली आणि तिच्या उजवीकडे दुसरी. मग एक हात खांबाला, एक हात गुडघ्याला लावत, दोन-तीन शिव्या देत, ती स्वतः त्या दुसऱ्या चटईवर पालथी पडली.

"बघतेस काय? तू नेम धर. बोल्ट मी मारते."

करुणा डाव्या कुशीने रायफलीमागे शिरली. महिनाभर घरी पॅसेजमध्ये मॉपची दांडी डाव्या खांद्याला लावून ती भिंतीवरच्या टिकलीवर नेम धरत होती, आणि केतन तिला ओलांडून वॉशिंग मशिनकडे जाताना "परेडला सलाम" म्हणायचा. पण मॉपची दांडी चार किलोची नसते. डावं कोपर कुठे टेकायचं ते कोपराला समजेना. डावं बोट नवशिक्यासारखं ट्रिगरवर पडलं. उजवा डोळा, काही दिसत नसताना, मध्येमध्ये नाक खुपसत होता. तिने त्याच्यावर पुठ्ठ्याची झापड लावली. पुढचं गोल कडं, त्यात काळा ठिपका. आधी ठिपका डावीकडून उजवीकडे जायचा, आता सगळं उलट्या घरात शिरल्यासारखं.

तिने श्वास सोडला आणि दाबलं.

लॉरेन दुर्बिणीतून बघत राहिली. "शेजाऱ्याच्या कागदावर," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस, खूश होईल."

करुणाला हसू आलं. पालथं पडून हसलं की रायफल हलते, म्हणून तिने ते गालात दाबलं. लॉरेनचा सांधे सुजलेला हात पुढे आला, बोल्ट उघडला, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, बोल्ट बंद. करुणाची बैठक इंचभरही हलली नाही. दुसरी गोळी तिच्या स्वतःच्या कागदावर गेली, निदान कोपऱ्यात. चौथीला ती काळ्यात शिरली.

"आता मोजायच्या दहा," लॉरेन म्हणाली.

पाच. सहा. चार. सात. सात. करुणाचा श्वास बाहेर गेला की गोळी, गोळी गेली की लॉरेनचा हात, हात मागे गेला की पुन्हा श्वास. शेडखालच्या लोकांनी कॉफी पिणं थांबवलं आहे हे करुणाला कळलं, पण तिला वळून बघायला वेळ नव्हता. आठ. सहा. आठ. मग कुठेतरी डाव्या कोपराने आपली जागा शोधली. ती जागा तिने दिलेली नव्हती, त्याची त्यानेच घेतली. नऊ. आठ.

"अडुसष्ट," लॉरेन म्हणाली.

सत्त्याण्णवच्या खाली आलं तर पूर्वी करुणा घरी येऊन भांडी आपटायची. आता चटईवर गाल टेकून तिने बेरीज फोडली: पहिल्या पाचांत एकोणतीस, पुढच्या पाचांत एकोणचाळीस. त्यातले दहा गुण तिने गेल्या अकरा मिनिटांत कमावले होते. असा नफा तिला खडकीनंतर कधी झाला नव्हता.

"उठव मला," लॉरेन म्हणाली. "आणि ऐक. दर शनिवारी हे करीन, पण तुझा बोल्ट येईपर्यंतच. या गुडघ्यांवर जन्मभर तुझ्या शेजारी नाही पडणार."

पत्र तिने तिथेच, क्लबच्या वहीतला कागद फाडून लिहिलं आणि सोमवारी टाइप करून दिलं. पाच ओळी. उजवी दृष्टी गेली, डावी शाबूत, डाव्या खांद्यावरून मारताना मी स्वतः पाहिलं, गुण इतके, उजव्या बोल्टने एकटीला जमणार नाही. करुणाने अर्जात त्याहून एक शब्द जास्त लिहिला नाही. पाठवण्याआधी मात्र तिने नाव वाचलं, जन्मतारीख वाचली आणि 'डावा' या शब्दावर बोट ठेवून तो दोनदा वाचला.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. शैलेंद्रने अर्जासोबत तीन पानांचं समर्थन जोडलं, आलेखासह. त्यावर खुलासा मागणारं पत्र आलं. त्या खुलाशाचं आता तिसरं व्हर्जन चालू होतं. वरुण, अर्जात बॅरलची माहिती लागेल या भीतीने, बॅरल ठरवत राहिला. ती लागणार नव्हती. हृषिकेश शब्दाप्रमाणे सगळ्यात शेवटी गेला आणि शेवटीच राहिला. त्याचं म्हणणं, रांगेत एकट्याने उभं राहायची त्याला सवयच नव्हती.

सव्वीस जूनला करुणाचं परमिट आलं. दोन रुग्णांच्या मध्ये, शिशाचा एप्रन अंगावर असताना, तिने फोनवर ते पाहिलं, आणि पुढच्या आजोबांना नेहमीचे तीन प्रश्न विचारताना तिचा आवाज इतका आनंदी निघाला की ते म्हणाले, "लव्ह, मोडलंय ते माझं मनगट, तुला एवढं कसलं कौतुक?" दुपारी ती लॉरेनच्या शेडमध्ये पोचली. लॉरेनने ॲडलेडला फोन लावला, परमिटचा नंबर सांगितला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बोल्ट?" पलीकडून कुणा भावाने विचारलं.

लॉरेनने करुणाकडे बोट केलं.

"डावा," करुणा म्हणाली. "डोळा गेलाय उजवा, म्हणून."

"नो वरीज. डावा. या खेपेतला अकरावा."

आणखी दहा माणसं आहेत, तिच्या मनात आलं. कुठल्या कुठल्या गावांत, कुठल्या कुठल्या कारणांनी डावीकडे सरकलेली. तिला त्या दहांचे गुण जाणून घ्यायची एकदम फार इच्छा झाली.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी रिसीव्हर आला. गावात सप्टेंबरच्या फुलांच्या उत्सवासाठी वाफे खणायला लागले होते आणि सकाळचं धुकं विरळ झालं होतं. मधल्या आठवड्यांत, लॉरेनच्या हाताने बोल्ट चालवत, करुणा अडुसष्टवरून एकाहत्तर, मग चुकून एकोणसत्तर, मग एकोणऐंशी आणि मागच्या शनिवारी त्र्याऐंशीवर आली होती.

लॉरेनच्या शेडमध्ये ती शिरली तेव्हा तिघं आधीच हजर होते, आणि तिघांनीही हात पाठीमागे बांधले होते.

"हे काय, शाळेची प्रार्थना?"

"लॉरेनने सांगितलंय," वरुण पुटपुटला. "परमिट ज्याचं, हात त्याचा."

"अगदी बरोबर सांगितलंय," लॉरेन म्हणाली आणि काउंटरवरच्या खोक्यातून तेलकट कागदात गुंडाळलेली वस्तू काढून करुणाच्या पुढ्यात ठेवली.

वीतभर लांबीचं, करड्या रंगाचं, गुळगुळीत पोलाद. दोन्ही अंगांनी सारखं, आणि डाव्या बाजूला बाहेर आलेली बोल्टची मूठ. करुणाचा पन्नाशीकडे झुकलेला उजवा हात सवयीने पुढे आला, तिथे काहीच नाही असं कळल्यावर क्षणभर हवेत थांबला आणि जॅकेटच्या खिशात गेला. मग तिने डाव्या हाताने मूठ उचलली, मागे ओढली, पुढे सारली. कुठेही अडलं नाही. तिने तेच पुन्हा केलं. पाचव्यांदा करताना हृषिकेश घसा खाकरून म्हणाला, "ताई, आमच्यासाठी पण थोडा ठेव."

"आता वजन," शैलेंद्रने लॅपटॉप उघडला. "व्हर्जन पंधरा. आमच्या तिघांचे कॉलम काढून टाकलेत, पुढच्या खेपेत बघू. आता चौघांची अक्कल एकाच रायफलीवर. करुणा, तू सांग, मी लिहितो. दस्त्याची लांबी?"

"माहीत नाही."

"बॅरल जड की हलकं?"

"माहीत नाही रे. उजवीकडची विचारलीस तर झोपेत सांगेन. डावीकडची अजून माझी मलाच ओळख व्हायचीय. सध्या क्लबचं जुनं बॅरल, जुना दस्ता बसवा. दहा शनिवार एकटी मारते, मग खांदा सांगेल ते लिही."

शैलेंद्रचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेहतीस रिकामे रकाने त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. शेवटी त्याने लॅपटॉप मिटला. मिटताना सेव्ह मात्र केला.

"दुसरं," लॉरेन म्हणाली. तिने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून काउंटरवर सरकवला. "तुझं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. क्लबची सही मी करून ठेवलीय. किती वर्षांचं भरतेस?"

करुणाने पेन उचललं. "जास्तीत जास्त किती वर्षांचं देतात?"

लॉरेनने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या वयाला?"

"वय कशाला बघतेस," करुणा म्हणाली. "डाव्या खांद्याचं बघ. तो अडीच महिन्यांचा आहे."

हृषिकेशने, सवयीने, "मग चौघांचे फॉर्म एकदमच..." असं म्हणायला तोंड उघडलं, आणि लॉरेन, शैलेंद्र, वरुण तिघांनीही एकाच वेळी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने ते वाक्य तसंच गिळलं. करुणा तोवर फॉर्मवर स्वतःचं नाव लिहायला लागली होती.